सरपणावरचे काळे ठिपके



मृगाच्या सरी पडून गेल्या की घरामागच्या किंवा शेतातल्या सरपणाच्या ढिगाकडे एकदा मुद्दाम जा. ढिगात विंचू दडलेला असतो, म्हणून आधी काठीने लाकूड उलटवा आणि मगच हातात घ्या. वर्षभर उन्हापावसात पडून राहिलेली बाभळीची एखादी फांदी उजेडात धरून नीट पाहा. कुठे नखाएवढे करडे पंखे चिकटलेले दिसतील, कुठे कोळशाच्या खड्यासारखे गोळे, तर कुठे मोहरीहूनही लहान असे काळे ठिपके.

हे काय आहे, असे घरात विचारलेत तर बहुतेक एकच उत्तर मिळेल : "बुरशी आली." उत्तर चूक नाही, पण ते अपुरे आहे. झाडावर बसलेल्या चिमणीला, घारीला आणि घुबडाला आपण नुसते 'पाखरू' म्हटले तर कसे होईल? तसेच हे आहे.

नाव कळून काय मिळणार, असे तुम्ही म्हणाल. समजा, तुमच्या शाळेच्या पटांगणात जुना कडुनिंब आहे. त्याच्या सालीवर काळे ठिपके दिसले. कोणी म्हणाले, झाडाला रोग लागला आहे, पोरांच्या अंगावर पडायच्या आत ते तोडून टाका. दुसरा म्हणाला, काही होत नाही, राहू द्या. दोघांपैकी खरे कोणाचे? ठिपका कशाचा आहे हे कळल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही. पन्नास वर्षांची सावली तोडायची की ठेवायची, हा निर्णय मोहरीएवढ्या ठिपक्यावर अवलंबून असू शकतो. म्हणून हा ठिपका ओळखायचा कसा, ते आज आपण पायरीपायरीने पाहू या.

पाण्याची वाट पाहणारे जीव

लाकडावर दिसणारे हे सारे जीव म्हणजे कवके. कवकांत हरितद्रव्य नसते. त्यामुळे त्यांना स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. त्यांचे शरीर म्हणजे अतिशय बारीक अशा तंतूंचे जाळे. हे जाळे लाकडाच्या आत पसरते, पाचक रस बाहेर सोडते आणि विरघळलेले अन्न शोषून घेते. लाकडाला ताठपणा देणारे सेल्युलोज आणि लिग्निन हे पदार्थ पचवणे सोपे नाही. कवकांना ते साधते, म्हणून तर रानात पडलेल्या फांद्यांचे डोंगर साचत नाहीत. आपल्याला लाकडावर दिसते ते कवकाचे 'फळ' म्हणू या. झाड मात्र लाकडाच्या आत लपलेले असते. या फळात बीजाणू तयार होतात. ते वाऱ्यावर उडून दुसऱ्या लाकडावर पोचतात.

पण मराठवाड्यासारख्या कोरड्या मुलखात कवके कशी टिकतात? लातूर आणि नांदेड या जिल्ह्यांत पाऊस वर्षाला साधारण ८०० ते ९०० मिलिमीटर, आणि तोही बहुतेक चार महिन्यांतच पडतो. एखादे वर्ष तर कोरडेच जाते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे तुम्ही घरातल्या मोठ्या माणसांकडून ऐकले असेल. अशा ठिकाणी राहणाऱ्या कवकाला वाट पाहता आली पाहिजे.

मघाशी सांगितलेला करडा पंखा हे त्याचे उत्तम उदाहरण. त्याचे शास्त्रीय नाव शिझोफायलम कम्युन. तो जगभर जवळजवळ सगळीकडे आढळतो. पंखा उलटा करून पाहा. खाली पातळ पडदे दिसतील. प्रत्येक पडदा कडेला मधोमध चिरलेला असतो. हवा कोरडी झाली की चिरलेले दोन्ही भाग बाहेर वळतात आणि बीजाणू तयार करणारा पृष्ठभाग झाकून टाकतात. पाणी मिळाले की ते पुन्हा सरळ होतात आणि काम पुढे चालू! कॅनडात काम करणारे कवकशास्त्रज्ञ बुलर यांनी १९१० च्या सुमारास असे वाळलेले पंखे काचेच्या नळ्यांत हवा काढून बंद करून ठेवले होते. सुमारे पन्नास वर्षांनी ते ओले केले, तेव्हा त्यांतून बीजाणू बाहेर पडू लागले.

याचा एक भाग तुम्हांलाही घरी करून पाहता येईल. वाळलेला पंखा ओल्या टीपकागदावर ठेवून वर पेला पालथा घाला. काही तासांत मिटलेले पडदे कसे उघडतात ते भिंगातून बघा.

रानात काय पाहायचे?

कवक ओळखण्याची सुरुवात प्रयोगशाळेत होत नाही. ती जागेवरच होते. एकदा फांदी घरी आणली की ती कोणत्या झाडाची होती, उन्हात होती की सावलीत, हे विसरायला दोन दिवस पुरतात. म्हणून प्रत्येक नमुन्याबरोबर तिथेच उभे राहून या गोष्टी लिहा :

तारीख आणि गाव, झाडाचे नाव, झाड जिवंत की मेलेले, कवक सालीवर की साल गेलेल्या उघड्या लाकडावर, फांदीची जाडी, लाकूड घट्ट आहे की बोटाने चुरा होतो, चुऱ्याचा रंग पांढरट की तपकिरी.

शेवटच्या दोन गोष्टी कशासाठी? काही कवके लिग्निनही पचवतात. मग उरलेले लाकूड फिकट आणि तंतुमय होते. याला पांढरी कूज म्हणतात. काही कवके सेल्युलोज खातात आणि लिग्निन बरेचसे मागे ठेवतात. मग लाकूड तपकिरी पडते आणि भेगा पडून त्याचे चौकोनी तुकडे होतात. ही तपकिरी कूज. खाणारा दिसण्याआधी त्याचे उष्टे दिसते, असे म्हणा ना!

नमुना कागदाच्या पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि एका रात्रीत त्यावर दुसरीच बुरशी वाढते. नांदेड जिल्ह्यात किनवट आणि माहूरकडे सागाचे रान आहे, तिथे पडलेल्या फांद्या खूप मिळतात. मात्र वनविभागाची परवानगी आणि शिक्षकांची सोबत असल्याशिवाय रानातून काही उचलू नका. लातूर जिल्ह्यात रान फार थोडे आहे. पण त्यामुळे अडत नाही. बांधावरची बाभूळ, आमराईतली वाळकी फांदी, कुंपणाच्या काट्या, तुराट्यांचा आणि पऱ्हाट्यांचा ढीग, एवढे साहित्य कोणत्याही गावात असते. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा : लाकडावरचे कोणतेही कवक चाखून पाहायचे नाही. हाताळताना नाकाजवळ धरून फुंकर मारू नका. काम झाले की हात साबणाने धुवा.

आता दहा पट मोठे दाखवणारे भिंग घ्या. पहिला प्रश्न असा की समोर आहे ते खरोखर कवकाचे फळ आहे का? कारण फसवणारे पुष्कळ असतात. डिंकाचे काळे थेंब, खवले किडे, किड्यांची विष्ठा, ही मंडळी दुरून हुबेहूब ठिपक्यांसारखी दिसतात. सुईने उचलून पाहा. डिंक पाण्यात मऊ पडतो. खवले किडा अलगद सुटतो आणि त्याच्या खाली मऊ शरीर असते.

सर्वांत चांगला फसवणारा म्हणजे ग्राफिस. हा दगडफुलाचा भाऊबंद. मसाल्यातले दगडफूल तुम्ही पाहिलेच आहे. कवक आणि शैवल एकत्र राहून असे जीव बनतात. आंब्याच्या गुळगुळीत सालीवर ग्राफिसच्या बारीक काळ्या रेघा कोणी शाईने अक्षरे लिहावीत तशा दिसतात. याची खूण अशी : रेघांभोवती पांढरट करडा पातळ पापुद्रा असतो आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो हिरवट होतो. हा हिरवेपणा आतल्या शैवलाचा. आपल्या काळ्या ठिपक्यांभोवती असा पापुद्रा नसतो.

आकारांची चार घरे

भिंगातून पाहिल्यावर लाकडावरची बरीचशी लहान कवके चार घरांत बसवता येतात.

पहिले घर पंख्याचे, कानाचे आणि चमच्याचे. शिझोफायलम यातलाच. भर पावसाळ्यात वाळक्या लाकडाच्या भेगांतून पिवळे-नारिंगी, लवचीक, एक-दोन सेंटिमीटर उंचीचे चमचे रांगेने वर आलेले दिसले, तर ते बहुधा डॅक्रिओपायनॅक्स स्पॅथ्युलेरिया. ऊन पडले की ते आकसून नारिंगी दोऱ्यासारखे होतात आणि पुन्हा भिजले की फुगतात.

दुसरे घर बोटांचे. लाकडातून वर आलेली काळी, चिवट बोटे म्हणजे झायलेरिया. कोवळेपणी त्यांच्या टोकाला पांढरी पूड असते. तीही एक प्रकारच्या बीजाणूंचीच. पुढे पूड झडते, बोट काळे पडते आणि त्यावर बारीक पुटकुळ्या उमटतात.

तिसरे घर गोळ्यांचे. हरभऱ्यापासून लिंबाएवढा, कोळशासारखा गोळा दिसला तर तो ब्लेडने उभा कापा. आत एकाआड एक फिक्या आणि गडद वर्तुळांचे थर दिसले तर ते डाल्डिनिया. हे नाव डाल्डिनी नावाच्या वनस्पतिप्रेमी स्विस धर्मगुरूवरून पडले आहे. आपल्या डालड्याशी त्याचा काही संबंध नाही! वर्तुळे नसली आणि गोळा लहान, चपटा किंवा पापुद्र्यासारखा पसरलेला असला, तर हायपोझायलॉन किंवा त्याचे नातलग असण्याचा संभव अधिक.

चौथे घर ओठांचे. साल गेलेल्या, उन्हाने करड्या पडलेल्या लाकडावर सुमारे एक मिलिमीटर लांबीचे काळे, कडक दाणे असतात. प्रत्येक दाणा गव्हासारखा लांबट, आणि त्याच्या पाठीवर एकच उभी चीर. मिटलेल्या ओठांसारखी ती दिसते. ही हिस्टेरियमच्या कुळातली मंडळी. कोरड्या आणि उघड्या लाकडावर ती चांगली तग धरतात, त्यामुळे आपल्याकडे त्यांना शोधायला लांब जावे लागत नाही. त्यांच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

डाल्डिनियाचा ताजा गोळा मिळाला तर एक गंमत करा. तो संध्याकाळी पांढऱ्या कागदावर ठेवा, सकाळी कागद बदला आणि संध्याकाळी पुन्हा बदला. कोणत्या कागदावर काळी पूड जास्त पडली? कवकशास्त्रज्ञ इंगोल्ड यांनी इंग्लंडमध्ये बारकाईने पाहून दाखवले, की हा गोळा बीजाणू मुख्यतः रात्री उडवतो. शिवाय त्याच्या गाभ्यात पाणी साठलेले असल्याने बाहेरून पाणी न मिळताही तो हे काम बरेच दिवस चालू ठेवतो.

पिशवी की गदा?

इथपर्यंत भिंगाने आणले. आता सूक्ष्मदर्शक यंत्राकडे वळू. काचपट्टीवर पाण्याचा एक थेंब घ्या. ठिपका थोडा भिजू द्या, मग धारदार ब्लेडने त्याचा वरचा भाग छाटून आतला मऊ गर सुईच्या टोकाने उचला. गर थेंबात ठेवून वर आच्छादक काच ठेवा आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच दाबा. आधी साध्या पाण्यातच पाहा. बीजाणूंचा खरा रंग पाण्यात दिसतो. निळा रंग वापरायचा असला तर तो शिक्षकांकडून घ्या, कारण त्या द्रावणात फिनॉल असते व ते त्वचेला भाजते.

पाहायची पहिली गोष्ट अशी : बीजाणू पिशवीत आहेत की गदेवर? काही कवकांत बीजाणू पारदर्शक लांबट पिशवीत, बहुधा आठ-आठ, शेंगेतल्या दाण्यांसारखे बसलेले असतात. या पिशवीला धानी म्हणतात, आणि अशा कवकांना धानीकवके. दुसऱ्या प्रकारात गदेसारख्या फुगीर पेशीच्या टोकावर, बाहेरच्या बाजूला, बारीक देठांवर बहुधा चार बीजाणू असतात. ही गदाकवके.

लगेच आपल्या चार घरांची फेरमांडणी होते. शिझोफायलम गदाकवक ठरतो. पिवळा चमचाही गदाकवकच, पण त्याची गदा न्यारी असते. तिला दोन लांब हात फुटलेले असतात, गलोलीच्या बेचक्यासारखे. हे बेचके एकदा पाहिले की विसरत नाही. बोटे, गोळे आणि ओठ ही तिन्ही घरे धानीकवकांची. बोटांचे आणि गोळ्यांचे बीजाणू गडद तपकिरी, एकाच पेशीचे आणि होडीच्या आकाराचे असतात. नीट पाहिले तर त्यांच्यावर एक फिकी उभी रेघ दिसते. बीजाणू रुजताना त्या रेघेतूनच नवा तंतू बाहेर येतो. बाहेरून अगदी निराळे दिसणारे बोट आणि गोळा आतून असे जवळचे नातलग निघतात.

ओठवाल्यांची धानी मात्र वेगळी. तिला दोन भिंती असतात. पक्व झाल्यावर बाहेरची भिंत फुटते, आतली पाणी पिऊन लांबते आणि मगच बीजाणू बाहेर उडतात. लटरेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५१ मध्ये या दुहेरी भिंतीच्या आधारे धानीकवकांची मोठी विभागणी सुचवली. एका पिशवीची भिंत एक की दोन, एवढ्या बारीक गोष्टीला किती महत्त्व आले पाहा!

दोन प्रश्न, चार नावे

आता ओठवाला एक दाणा घेऊन त्याचे नाव शोधू या. त्याचे बीजाणू पाहून दोन प्रश्न विचारा. पहिला : ते रंगहीन आहेत की तपकिरी? दुसरा : त्यांच्यात फक्त आडव्या भिंती आहेत, की आडव्या आणि उभ्या दोन्ही? उभ्या-आडव्या भिंती असल्या की बीजाणू विटांच्या बांधकामासारखा दिसतो.

दोन प्रश्नांची प्रत्येकी दोन उत्तरे, म्हणजे चार कप्पे झाले. तपकिरी आणि फक्त आडव्या भिंती : हिस्टेरियम. तपकिरी आणि विटांसारखा : हिस्टेरोग्राफियम. रंगहीन आणि एकच आडवी भिंत : ग्लोनियम. रंगहीन आणि विटांसारखा : ग्लोनिऑप्सिस. कवकशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे हीच पद्धत वापरली. किती सुटसुटीत!

पण घाई करू नका. इथे एक खड्डा आहे. कोवळा बीजाणू प्रथम रंगहीनच असतो आणि त्यात आधी आडव्या भिंती तयार होतात. तपकिरी रंग आणि उभ्या भिंती नंतर येतात. म्हणजे हिस्टेरोग्राफियमचा कोवळा दाणा पाहणारा विद्यार्थी त्याला बेधडक दुसऱ्याच कप्प्यात टाकील. त्याने खोटे काही पाहिलेले नसते. पाहिले ते वेळेआधी पाहिले. म्हणून एकाच दाण्यावर थांबायचे नाही. त्याच फांदीवरचे पाच-सहा दाणे उघडा. धानीतून स्वतः बाहेर पडलेले बीजाणू शोधा, कारण तेच पक्व असण्याची खात्री अधिक.

मग मोजमाप. बीजाणू मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यासाठी नेत्रभिंगात बसवायची मोजपट्टी आणि मंचावर ठेवायची मोजपट्टी अशा दोन पट्ट्या लागतात. मंचावरच्या पट्टीत एका मिलिमीटरचे १०० भाग केलेले असतात. म्हणजे एक भाग १० मायक्रॉनचा. समजा, नेत्रभिंगातले ४० भाग मंचावरच्या १० भागांशी तंतोतंत जुळले. १० भाग म्हणजे १०० मायक्रॉन. त्याला ४० ने भागले की नेत्रभिंगातला एक भाग २.५ मायक्रॉनचा ठरतो. आता मंचावरची पट्टी काढून बीजाणू ठेवा. तो ८ भाग लांब भरला तर त्याची लांबी २० मायक्रॉन. वस्तुभिंग बदलले की हे गणित पुन्हा करावे लागते. एकच बीजाणू मोजून लिहू नका. निदान वीस मोजा आणि सर्वांत लहान, सर्वांत मोठा अशी दोन्ही मापे लिहा. वर्गातल्या एकाच मुलाची उंची मोजून सगळ्या वर्गाची उंची कोणी सांगतो का?

नाव बदलते, नमुना राहतो

चार कप्प्यांची ती सुटसुटीत पद्धत पुढे पूर्णपणे टिकली नाही. २००९ मध्ये बोएम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कवकांच्या डीएनएची तुलना करून पाहिली. तेव्हा असे दिसले, की बीजाणूंचा विटांसारखा आकार एकदाच निर्माण झालेला नाही; वेगवेगळ्या घराण्यांत तो स्वतंत्रपणे आला आहे. म्हणजे एका कप्प्यात ठेवलेले सगळे सख्खे भाऊ नव्हते. त्यामुळे काही नावे बदलावी लागली. पूर्वी हिस्टेरोग्राफियम मोरी म्हणून ओळखले जाणारे कवक आता हिस्टेरोब्रेव्हियम मोरी झाले. (मोरी म्हणजे तुतीवरचे, न्हाणीतली मोरी नव्हे!)

गोळ्याच्या बाबतीतही असेच घडले. उष्ण देशांतून कोणताही वर्तुळांचा गोळा मिळाला की त्याला डाल्डिनिया कॉन्सेंट्रिका म्हणण्याची रीत होती, कारण युरोपातल्या पुस्तकांत तेच नाव होते. जुने नमुने पुन्हा तपासले, बीजाणू मोजले, क्षारात सुटणारा रंग पाहिला, तेव्हा त्यांतले पुष्कळसे डाल्डिनिया एशशोल्ट्झी किंवा दुसऱ्याच जातीचे निघाले. वर्तुळे खरी होती; पण एका खुणेवर नाव ठेवले होते.

मग जुन्या लोकांचे काम फुकट गेले का? मुळीच नाही. नीट विचार करा : ही चूक सुधारता कशी आली? नमुने जपून ठेवलेले होते म्हणून! पाकिटावर झाड, गाव आणि तारीख लिहिलेली होती म्हणून! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत कवकांचा मोठा नमुनासंग्रह आहे. कवकशास्त्रज्ञ आजरेकर यांचे नाव त्याला दिले आहे. एम. एन. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या कवकांची सूची तयार केली. ती राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. मराठवाड्यात १९५८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, विद्यापीठ स्थापन झाले. तिथे डॉ. एस. टी. टिळक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी धानीकवकांचा अभ्यास केला. लाकडावरून उडालेले बीजाणू पुढे हवेत कुठे, केव्हा आणि किती असतात हे मोजण्यासाठी टिळकांनी जे यंत्र तयार केले, ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. नांदेडला १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले. नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे त्याच्याच कक्षेत येतात.

तरीही एक गोष्ट कोणत्याही विद्यापीठाला एकट्याने करता येणार नाही. मोठी झाडे आणि सुंदर फुले सर्वांच्या नजरेत भरतात. उदगीरजवळच्या बांधावरच्या बाभळीवरचा एक मिलिमीटरचा दाणा पाहायला कोण जाणार? तिथे रोज जातो तो तुम्हीच. तुमच्या नमुन्यावरचे नाव उद्या चुकीचे ठरू शकेल. त्यात कमीपणा नाही. पण गाव, झाड आणि तारीख नसलेला नमुना कायमचा मुका होतो. म्हणून नाव पेन्सिलीने लिहा आणि नोंद पक्क्या शाईने.

कडुनिंबाचा निकाल

आता पटांगणातल्या त्या कडुनिंबाकडे परत येऊ. तोडायचा की ठेवायचा?

ठिपके कुठे आहेत ते आधी पाहा. वाळलेल्या फांदीच्या साल गेलेल्या लाकडावर ओठांचे दाणे असले, तर ते मेलेल्या लाकडावर जगणारे. फांदी त्यांनी मारलेली नाही. ती दुसऱ्या कारणाने वाळली आणि मग हे पाहुणे आले. ती वाळकी फांदी डोक्यावर पडू नये म्हणून काढायला हवी, पण झाडाला त्यासाठी शिक्षा नको. जिवंत खोडावरच्या जखमेत पंखे आले असतील, तर त्या जखमेपाशी लाकूड मेलेले आहे एवढे ते सांगतात. तिथे लक्ष ठेवा. गोळे किंवा बोटे खोडावर आली असतील, तर आतले लाकूड कितपत पोखरले आहे ते जाणकाराकडून तपासून घ्या. आणि ठिपके राहू देत बाजूला; खोडाच्या अगदी बुंध्याशी, मुळांजवळ, लाल-तपकिरी, लाखेचा मुलामा दिल्यासारखा चकाकणारा मोठा गॅनोडर्मा दिसला, तर मात्र ताबडतोब मोठ्यांना सांगा. तो मुळे कुजवतो. वर हिरवेगार दिसणारे झाड वादळात मुळासकट कोसळते ते अशा वेळी.

पाहिलेत ना? ज्या काळ्या ठिपक्यांची सर्वांना भीती वाटत होती, ते बहुधा निरुपद्रवी निघतात आणि खरा धोका जिथे कोणी वाकून पाहिले नव्हते तिथे असतो. हे सांगायला पंचांग लागत नाही. ब्लेड, भिंग, सूक्ष्मदर्शक आणि सावकाशपणा एवढेच लागते.

येत्या पावसाळ्यात तुमच्या वर्गाने शाळेभोवतीच्या एकाच झाडाची निवड करावी आणि जून ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी त्याच्या वाळक्या फांद्यांवर काय काय उगवते त्याची नोंद ठेवावी. नमुने कागदी पाकिटांत घालून, वर सगळी माहिती लिहून, डांबराच्या गोळ्यांसह पेटीत ठेवावेत. नावे सगळी सापडणार नाहीत. निम्मी सापडली तरी पुष्कळ झाले. ज्यांची सापडणार नाहीत, ती पाकिटे मात्र फेकू नका. पुढे तुमच्याच शाळेतला कोणी विद्यार्थी ती उघडील, आणि तुम्ही लिहिलेली तारीख पाहून तिथूनच पुढे काम सुरू करील.